नऊ व्होल्टचा दिवस

सकाळी साडेनऊ

श्रावण अर्धा सरला की नाशिकमधल्या वाजवणाऱ्यांना गणपतीचे दहा दिवस डोळ्यांसमोर दिसायला लागतात आणि वर्षभर कपाटात पडून राहिलेली पेडलं माझ्या टेबलावर येतात. मेन रोडच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर माझं दुरुस्तीचं दुकान आहे. ॲम्प्लिफायर, मिक्सर, कीबोर्ड सगळं येतं, पण जीव रमतो तो गिटारच्या पेडलांत. शटर वर केलं की आधी टेबल कोरडं करायचं. या दिवसांत भिंतींना ओल असते आणि ओल म्हणजे जॅकच्या पत्तीवर गंज, नॉबखालच्या पॉटमध्ये खरखर.

पेडल म्हणजे पायाने दाबायची धातूची डबी. गिटारची वायर एका बाजूने आत जाते, दुसऱ्या बाजूने ॲम्पकडे निघते आणि मध्ये आवाजाचं रूप पालटतं. तो फाटतो (ओव्हरड्राइव्ह, फझ), घुमतो (रिव्हर्ब) किंवा पाठोपाठ पुन्हा ऐकू येतो (इको, म्हणजेच डिले). १९६२ साली अमेरिकेत मेस्ट्रो या नावाने फझ-टोन नावाची डबी विक्रीला आली. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये ती वाजली आणि पडून असलेला सगळा माल संपला. आज बाजारात दोन टोकं आहेत. एकीकडे तीन-चार हजारांत मिळणारी, मोठ्या कारखान्यात हजारोंनी बनणारी बजेट पेडलं. दुसरीकडे बुटीक, म्हणजे छोट्या वर्कशॉपमध्ये दोन-चार माणसांनी हाताने जोडलेली, वीस-पंचवीस हजारांची. दोन्ही उघडायचं काम माझ्याकडे असल्यामुळे 'कुठलं घेऊ?' हा प्रश्न रोज कोणीतरी विचारतंच.

आजचं पहिलं काम कालचं राहिलेलं आहे. देवळालीच्या एका मुलाचं बजेट ओव्हरड्राइव्ह. वाजता वाजता आवाज जातो, पिन हलवली की परत येतो. मागचे चार स्क्रू काढले. आत एकच बोर्ड आहे आणि दोन्ही जॅक थेट त्या बोर्डावर सोल्डर केलेले आहेत. भिंग धरून जॅकच्या पायाशी पाहिलं, तर सोल्डरच्या चकचकीत टेंगळाभोवती केसाइतकी बारीक काळी रेघ गोल फिरलेली. पिन हळूच हलवली की टेंगूळ जागीच राहतं आणि मधला पाय हलतो. वायरमध्ये कुणाचा पाय अडकला की सगळी ओढ या एका टाक्यावर येते. जुनं सोल्डर पंपाने ओढून घेतलं, फ्लक्स लावला, नवा टाका मारला. वीस मिनिटांचं काम.

हातजोडणीच्या चांगल्या पेडलात हाच जॅक डबीच्या भिंतीला नटने आवळलेला असतो आणि त्याच्यापासून बोर्डापर्यंत वायर गेलेली असते. ओढ पत्र्यावर येते, टाक्याला धक्का लागत नाही. जास्तीच्या पैशाचा पहिला खरा मोबदला मला इथे दिसतो. पेडल बाजारात आवाजावर बोली लागते, पण माझ्या टेबलावर येणारी बहुतेक पेडलं जॅक, स्विच किंवा करंट या तीनपैकी एकामुळेच आलेली असतात.

साडेदहा

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातला एक मुलगा छत्री झटकत आत येतो. कॉलेजच्या गॅदरिंगसाठी बँड केलाय, गणपतीत एका मंडळासमोर वाजवायचंय. ट्यूशन घेऊन जमवलेले पंधरा-सोळा हजार त्याच्याकडे आहेत.

"काका, सगळे पैसे एकाच चांगल्या बुटीक ओव्हरड्राइव्हमध्ये घालू का? नाहीतर चार स्वस्त घेऊ?"

मी त्याला कपाटातला ट्यूब स्क्रीमर दाखवतो. आयबानेझ या जपानी कंपनीने सत्तरीच्या दशकाच्या शेवटी हे हिरवं पेडल आणलं. त्याचं टीएस८०८ हे मॉडेल आणि नंतरचं टीएस९, या दोघांच्या नकला जगात इतक्या झाल्या की मोजदाद अशक्य. बजेटवाल्यांनी केल्या, बुटीकवाल्यांनीही केल्या. जुन्या मॉडेलमधल्या ४५५८ या आयसीवर लोक भक्तीने बोलतात. मी ड्रॉवर ओढून त्याच्या हातावर एक ४५५८ ठेवतो. आपल्याकडे होम थिएटर असेंबल करणारा प्रत्येक मेकॅनिक हा आयसी ओळखतो, कारण बास-ट्रेबलच्या बोर्डावर तोच बसतो. बनवणाऱ्या कंपन्या अनेक, पण जात एकच आणि किंमत एका कटिंग चहाच्या आसपास.

मग आवाजाची जादू कुठून येते? आयसीच्या मागे-पुढे बसवलेल्या चार-दोन पार्टमधून. त्यातला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर मिळून साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी फाडतात. त्यामुळे खर्ज लिबलिबित होत नाही आणि मधला भाग पुढे येतो. बासगिटार, ऑक्टोपॅड आणि ढोलक यांनी खालची सगळी जागा अडवलेली असते, तिथे गिटार ऐकू यायची ती या मधल्या भागामुळे. हे गणित तीन हजारांच्या पेडलात तेच आहे आणि पंचवीस हजारांच्या नकलेतही तेच.

"म्हणजे सगळं सारखंच?" तो विचारतो. तसंही नाही. संध्याकाळी गिटार घेऊन ये, म्हणून त्याला सांगतो. ओव्हरड्राइव्हचा निकाल बोलण्यात लागत नाही.

साडेअकरा

सिन्नरहून बेंजो पार्टीतला एक जण मोटारसायकलवर आलाय. पाठीवर बेंजो, डिकीत प्लास्टिकच्या पिशवीत इको पेडल. कळा दाबून वाजवायचा आपला बेंजो, म्हणजे बुलबुलतरंग, त्याला पिकअप बसवून मिरवणुकीत ॲम्पवर काढतात. इको त्याला हवाच असतो, कारण तार छेडली की स्वर पटकन मरतो आणि मागून येणारा इको ती पोकळी भरतो.

पेडल उघडलं तर आत पीटी२३९९. हा तैवानचा आयसी कराओकेच्या इकोसाठी निघाला आणि आपल्याकडे भजनी मंडळाच्या माइकला जो इको बोर्ड जोडतात त्यावरही तोच दिसतो. गंमत अशी की परदेशातल्या कितीतरी बुटीक डिले पेडलांच्या पोटातही हाच आहे. त्याचा इको एकतृतीयांश सेकंदाच्या पुढे ओढला की स्वर मळतो, सूं सूं वाढते. चांगला बनवणारा इथे कामाला लागतो. तो पुढे-मागे फिल्टर बसवतो, मळ कानाला ऊबदार वाटेल इतका गाळतो. त्या कामाचे पैसे मागितले तर ते रास्त आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

या पेडलाला मात्र फिल्टरची गरज नाही. सेट-टॉप बॉक्सचा बारा व्होल्टचा अडॅप्टर लावला होता. गिटार पेडलांची रूढ पद्धत अशी की अडॅप्टरच्या पिनच्या आत निगेटिव्ह, बाहेर पॉझिटिव्ह, आणि नऊ व्होल्ट. घरातले बाकीचे अडॅप्टर बहुतेक उलटे. पिन बसते, म्हणून माणूस लावतो. आडवा बसवलेला डायोड शॉर्ट होऊन गेलाय आणि त्याने बाकी सगळं वाचवलंय. डायोड बदलला, पेडल सुरू. पॅकिंगच्या चिकटपट्टीवर मार्करने 'फक्त ९ व्होल्ट, आत मायनस' लिहून ती पट्टी पेडलाच्या पाठीवर लावली. पोळ्याच्या मिरवणुकीची बोली मिळाल्याचं सांगत तो खुशीत गेला.

दुपारी एक

डबा खाता खाता एक जड प्रकरण उघडून बसलोय. गंगापूर रोडला राहणाऱ्या एका गृहस्थांचं परदेशी बुटीक ओव्हरड्राइव्ह, बहिणीने तिकडून येताना आणलेलं. डबी देखणी आहे, रंग हाताने दिलेला, नॉब फिरवताना लोण्यासारखे फिरतात. पण आवाज बंद. आत पाहावं तर सगळं सर्किट काळ्या इपॉक्सीत, म्हणजे दगडासारख्या घट्ट होणाऱ्या राळेत, बुडवलेलं. कोणी नक्कल करू नये म्हणून.

या प्रथेचं सगळ्यात नामांकित उदाहरण म्हणजे क्लॉन सेंटॉर. बिल फिनेगन या अमेरिकन माणसाने १९९४ मध्ये ते विकायला काढलं आणि पुढची चौदा-पंधरा वर्षं साधारण आठ हजार नग स्वतः जोडून दिले. जर्मेनियमचे डायोड, नऊ व्होल्टचा दाब आतल्या आत वाढवणारा चार्ज पंप, स्वच्छ आणि फाटलेला असे दोन्ही आवाज एकत्र मिसळायची युक्ती, हे सगळं त्याने इपॉक्सीखाली झाकलं. तरी लोकांनी ते खरवडून काढलंच. आज जुना सेंटॉर काही हजार डॉलरला जातो आणि त्याच सर्किटची पेडलं बजेट बाजारात सर्रास मिळतात. २०२४ मध्ये बेहरिंगर कंपनीने तशीच दिसणारी स्वस्त डबी काढली, तेव्हा फिनेगनची क्लॉन कंपनी कोर्टात गेली, पण दावा होता नावावर आणि रूपावर, सर्किटवर नव्हता.

फिनेगनच्या मेहनतीबद्दल मला अतिशय आदर आहे. हजारो डब्या एका माणसाच्या हातून जाणं हे तपाएवढं काम आहे. पण नाशिकमध्ये बसून दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने इपॉक्सी ही बंद केलेली वाट आहे. वापरणाऱ्याने पैसे मोजून घेतलेली वस्तू त्याच्या गावात सुधारता आली पाहिजे. मी फूटस्विचचे पाय तपासले. नऊ पायांचा ३पीडीटी स्विच इपॉक्सीच्या बाहेर आहे आणि एका बाजूचे तीन पाय दाबल्यावरही जुळत नाहीत. म्हणजे नशीब बरं, दोष बाहेरचाच आहे.

पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला जाणारा शेजारी सुटीच्या वेळात लॅमिंग्टन रोडवर माझं सामान घेतो. त्याला फोन लावला.

"३पीडीटी घे, निळे. चार दे म्हणावं. आणि सोल्डरचं रीळ."

"ओ भाऊ, इथे दोन रेटचे आहेत, कुठले घेऊ?"

"महागातले. पायाखाली जायचंय ते."

तीन

पाऊस थांबलाय. वर्षातला जो प्रश्न मला सर्वांत जास्त आवडतो तो घेऊन शरणपूर रोडवरच्या चर्चमध्ये वाजवणारी एक मुलगी आलीय. तिला डिले हवाय, रिव्हर्ब हवाय, आणि दोन्ही स्वस्तात.

उपासनेच्या गाण्यांत गिटार तालाच्या आत जाळं विणते. गाण्याची लय मिनिटाला १२० असेल तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, आणि तिला पाऊण मात्रेचा, म्हणजे ३७५ मिलिसेकंदांचा इको लागतो. तो नेमका बसला की साधे आठवे स्वर वाजवूनही सोळाव्यांचं जाळं तयार होतं. तीनशे नव्वदवर गेला की तबल्याला चुकीचा ठेका मिळाल्यासारखं सगळं लंगडतं. म्हणून तिला मी सांगतो की इथे पैसे घाल. पायाने लय ठोकून वेळ ठरवता येणारा, प्रीसेट लक्षात ठेवणारा डिजिटल डिले घे. बजेटमध्येही आता चांगले आलेत, पण दुकानात उभं राहून टॅप करून बघ, एक स्वर संपल्यावर शेपटी तुटते का ते ऐक, आणि मगच घे. ओव्हरड्राइव्हमधली उणीव ॲम्प झाकतो, डिलेमधली लयीची चूक कोणीच झाकत नाही.

करंटचंही तिला बजावतो. ओव्हरड्राइव्ह आठ-दहा मिलिअँपिअरवर चालतं, डिजिटल डिले कित्येकदा शंभराच्या वर मागतो. दोघांना एकाच साखळीच्या वायरवर, एकाच अडॅप्टरला टांगलं तर डिजिटल सर्किटची शिट्टी ओव्हरड्राइव्हमध्ये शिरते आणि ओव्हरड्राइव्ह ती मोठी करून ॲम्पला देतं. लोक म्हणतात, "स्वस्तातलं पेडल आहे, आवाज करतंच." पेडल बिचारं निर्दोष असतं. प्रत्येक पेडलाला वेगळा, आयसोलेटेड करंट देणारा पॉवर सप्लाय ही मी कोणालाही सुचवतो ती पहिली महाग वस्तू.

चार वाजता एक रेडिओ मेकॅनिक काका येऊन बसतात. सत्तरी ओलांडली आहे, दुकान कधीच बंद केलंय. त्यांनी पत्र्याच्या डब्यात मला एसी१२८ आणून दिलेत, बीईएलचे, म्हणजे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे. हे जर्मेनियम ट्रान्झिस्टर एके काळी घरोघरीच्या ट्रान्झिस्टर रेडिओत होते आणि साठच्या दशकातल्या फझ फेसच्या जातीच्या पेडलांत याच नंबरचे ट्रान्झिस्टर वापरले गेलेत. बुटीक फझ बनवणारे आज असे जुने नग वेचून, एकेक मोजून, लीकेज, म्हणजे गळती, बघून जोड्या लावतात. काकांसोबत मीही तेच करतो. मीटरवर एक नग धरला आणि बोटांत दाबला की काटा चढताना दिसतो, कारण जर्मेनियमला ऊब सोसत नाही, दर आठ-दहा अंशांना गळती दुप्पट होते. नाशिकच्या मे महिन्यात दुपारी उघड्यावर असं फझ वाजवलं तर आवाज चिरकायला लागतो. डिसेंबरच्या थंडीत तेच पेडल सोनं.

फझ हे बुटीकचं खरं राज्य आहे, असं मी मानतो. तिथे पार्ट निवडणाऱ्या माणसाचा कान थेट ऐकू येतो, आणि कारखान्याला प्रत्येक नग असा निवडायला वेळ नसतो. आपल्याकडेही हे होतं. मुंबईची ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशन स्वतःची सर्किटं करते. त्यांची पिट व्हायपर, बॅरन समेडी ही पेडलं परदेशातले लोकही घेतात. भारतात राहून बुटीक घ्यायचंच असेल तर बनवणारा माणूस रेल्वेने चार तासांवर असणं ही मोठी गोष्ट आहे. काकांना मी हे सांगतो तेव्हा ते डब्यातला एकेक ट्रान्झिस्टर पुसून पुन्हा मांडतात आणि एक ठरवून बाजूला काढतात. "हा चांगला आहे. हा कुणा चांगल्या माणसाला दे."

सहा

इंजिनिअरिंगवाला मुलगा गिटार घेऊन हजर. त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं. एकीकडे जपानी टीएस९, दुसरीकडे सकाळी जॅक जोडलेल्या पेडलासारखंच एक बजेट. आधी दोन्हींचा आवाज मीटरवर समान केला. ही पायरी कधीच गाळू नये, कारण जे जरा मोठं वाजतं तेच माणसाला भारी वाटतं आणि दुकानदारांना हे ठाऊक असतं.

तो वाजवतो, मी मागून बदलत राहतो. कधी त्याला टीएस९ ओळखता येतं, कधी बजेटलाच तो टीएस९ म्हणतो. मग मी ड्राइव्हचा नॉब शून्यावर आणला आणि लेव्हल पूर्ण चढवली. इथे फरक उघडा पडला. बजेट पेडल तळाशी जास्त सूं सूं करतं आणि नॉबच्या शेवटच्या टोकाला आवाज एकदम उडी मारतो, हळूहळू चढत नाही. त्याने ते लगेच पकडलं. कान चांगला आहे मुलाचा.

मग हिशेब मांडला. बजेट ओव्हरड्राइव्ह एक. आयसोलेटेड सप्लाय, सोळा हजारांतला मोठा वाटा त्याच्यासाठी. दोन चांगल्या शिल्डेड वायर, पिना स्क्रूच्या, मोल्ड केलेल्या नकोत. उरलेले पैसे बाजूला ठेव, सहा महिने वाजव, आणि मग तुला कुठला आवाज कमी पडतोय ते तुझ्याच बोटांना कळेल. तेव्हा बुटीक घे आणि मनापासून घे. त्याचा चेहरा थोडा उतरला, कारण त्याला बुटीक डबीवरच्या रंगाचं वेड लागलेलं होतं. ते मला समजतं. सुंदर वस्तूवर जीव जडणं यात वावगं काही नाही. फक्त मंडळासमोर उभं राहिल्यावर ती वाजली पाहिजे.

रात्री साडेआठ

शटर पाडून पंचवटीत एका मंगल कार्यालयात आलोय. ऑर्केस्ट्राची तालीम चालू आहे. गिटारवाले अण्णा पन्नाशी पार केलेले, लग्नाचा सीझन, गणपती, नवरात्र, सगळं यांच्या बोटांवरून जातं. त्यांच्या फळीवर एक भगव्या रंगाचं बॉस डीएस-१ आहे. ते मॉडेल १९७८ पासून निघतंय. बाजूचा रंग घासून पांढरा झालाय आणि आत मी फक्त एकदा जॅक बदललाय. हे ना बुटीक, ना आजच्या अर्थाने बजेट. या पेडलाच्या पायपट्टीखाली छोटं बटण आहे, आवाजाची अदलाबदल आतले ट्रान्झिस्टर करतात, त्यामुळे लाथेचा मार स्विचच्या पत्त्यांवर येत नाही. स्टेजवर पोट भरणाऱ्या माणसाने मला पहिलं पेडल कुठलं घेऊ विचारलं, तर मी डोळे मिटून जुनं, वापरलेलं बॉस सांगतो.

'दम मारो दम' सुरू होतं. मूळ गाण्यातली गिटार भूपिंदर सिंगांची. अण्णा ती पहिली ओळ घेतात आणि डीएस-१ ची टोन अर्ध्याच्या खाली ठेवतात, नाहीतर ते डोक्यात जातं. पण ॲम्पमधून घुर्र चालूच आहे. मी फळीच्या मागे बसून एक एक वायर काढत जातो. एक्स्टेन्शन बोर्डाला अर्थिंगच नाही, आणि मिक्सर दुसऱ्या भिंतीवरच्या सॉकेटवर. सगळं एकाच सॉकेटवर, अर्थिंग असलेल्या बोर्डावर घेतलं. घुर्र गेलं.

"हे पेडल बदलावं लागेल वाटत होतं," अण्णा म्हणतात.

"पेडलाला हात लावू नका. तो बोर्ड मात्र आजच फेकून द्या. आणि विसर्जनाच्या दिवशी कामाला येईल म्हणून एक स्पेअर पॅच वायर उद्या दुकानातून घेऊन जा, अकराच्या आत या. नंतर मी त्या गंगापूर रोडच्या पेडलाला नवा स्विच बसवायला घेणार आहे."